वही, पुस्तक आणि लेखकाचे नाव



आपल्या झाडीपट्टीत वर्षाकाठी दोन मंडप उभे राहतात. एक नाटकाचा आणि दुसरा व्याख्यानाचा. भाऊबिजेच्या मंडईला पहिला चढतो आणि होळीच्या सुमारास उतरतो. मग मोहाची फुले वेचून होतात, तेंदूपानाच्या दिवसांची चाहूल लागते, आणि दुसरा मंडप चढतो. पहिल्या मंडपास तिकीट असून जागा मिळत नाही, दुसऱ्यास तिकीट नसून जागा भरपूर असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून बहुधा हे असेच चालत आले असावे. तरीही आपण इतक्या संख्येने आलात, याबद्दल आरंभीच आपले आभार मानतो.

स्वतंत्र लेखक आणि चित्रकथा काढणारे कलावंत यांच्याशी झालेल्या संभाषणांविषयी आम्ही बोलावे, अशी चालकांची इच्छा. विषय ऐकून आम्ही प्रथम बिचकलो. असे लोक पुण्यामुंबईस असावयाचे, अशी आमचीही समजूत होती. मग आम्ही मनाशी एक साधी व्याख्या केली. ज्याच्या पाठीशी प्रकाशक नाही, मासिक नाही, वेतन नाही, केवळ आपली लेखणी आणि आपले लोक यांच्या भरवशावर जो लिहितो, तो स्वतंत्र लेखक. ही व्याख्या मान्य केली म्हणजे पुण्यामुंबईची वाट धरावयास नको. गडचिरोलीहून आरमोरीवरून जाणारी एस. टी. धरावी आणि वडशास उतरावे, म्हणजे असे लेखक चहाच्या टपरीवर भेटतात. गेल्या हंगामात आम्ही तेच केले. त्या भेटींत जे ऐकले आणि त्यावरून जे सुचले, तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

वडशाची थोरवी आपणांस सांगावयास नको. परंतु हे भाषण पुढे पुस्तकात छापले जाणार आहे आणि ते दूरच्या वाचकांच्याही हाती पडेल, म्हणून दोन शब्द सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. वैनगंगेकाठचे वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचे गाव या मुलखाच्या रंगभूमीची राजधानी आहे. पन्नासच्या आगेमागे नाट्यमंडळे हंगामात तेथे आपल्या कचेऱ्या थाटतात. खेडोपाडीची मंडळी येऊन नाटक ठरवितात आणि ठरल्या रात्री त्या गावी मंडळाची गाडी जाते. दिवसा मंडई किंवा शंकरपट, रात्री नाटक, असा हा जुना क्रम आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शंकरपट थांबले आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळून पुन्हा सुरू झाले. मधल्या वर्षांत बैल थांबले, पण बैल थांबले म्हणून नाटक थांबले नाही. पूर्वी पुष्कळ गावी प्रेक्षकांसाठी जमीन उताराने खणीत, म्हणजे मागच्यालाही रंगमंच दिसे. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि कोंबडा आरवला तरी लोक उठत नाहीत.

असो. आता संभाषणांकडे वळतो. ज्यांच्याशी बोललो त्यांची नावे सांगत नाही. त्यांनी मन मोकळे केले ते नाव गाजविण्यासाठी नव्हे.

पहिले गृहस्थ निवृत्त शिक्षक. त्यांना आपण गुरुजी म्हणू. तीसेक नाटके त्यांनी लिहिली. लिहिण्याची रीत विचारली तेव्हा त्यांनी शेतीचेच वेळापत्रक सांगितले. रोवणी आटोपली की वही उघडावयाची आणि धान कापणीला येण्यापूर्वी ती मिटावयाची. दिवाळीला नाटक उभे राहिले पाहिजे, म्हणून प्रतिभेची वाट पाहत बसण्यास सवड नसते. लिहिण्यापूर्वी ते मंडळाच्या मालकाला विचारतात की यंदा नट कोण, गाणारी बाई कोण, विनोदी पात्र कोणाकडे. माणसे पाहून मापाने कपडे बेतावेत तशी ते पात्रे बेततात.

आम्ही जरा शहाणपणा दाखवून विचारले, "गुरुजी, मग यात लेखकाचे स्वातंत्र्य ते कोणते?"

गुरुजी हसले. म्हणाले, "असं आहे जी, रात्री एक वाजता लोकांना थंडी वाजू लागते. तेव्हा हसवणारा माणूस आणावा लागतो. पहाटे चारला डोळे मिटू लागतात. तेव्हा गुपित फोडावं लागतं. आता कोणतं गुपित फोडायचं, ते माझ्या हाती असते. तेवढं स्वातंत्र्य मला पुरे आहे."

श्रोतेहो, नाट्यशास्त्रावरील काही पुस्तके आम्ही वाचली आहेत. पण प्रेक्षकांच्या अंगावरची थंडी विचारात घेऊन अंक पाडणारे शास्त्र आम्ही प्रथमच ऐकले. आपल्याकडची कौटुंबिक नाटके, हुंड्यावरची, दारूवरची, शेतकऱ्याच्या कर्जावरची नाटके या शास्त्राने घडली आहेत. नवरगावच्या सदानंद बोरकर यांच्यासारख्या लेखक-दिग्दर्शकांनी शेतकऱ्याच्या आत्महत्येसारखा ज्वलंत विषय याच रंगमंचावर आणला आणि तो पाहावयास शेतकरीच समोर बसला होता. लेखक आणि त्याचा वाचक यांची इतकी समोरासमोर गाठ पुस्तकाच्या जगात क्वचितच पडते.

बोलता बोलता आम्ही गुरुजींना म्हटले, "आपली दोन-चार नाटके वाचावयास द्या."

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही पुस्तक मागता जी, माझ्यापाशी वहीबी नाई."

ही गोष्ट आम्हाला चटकन उमगली नाही. तेव्हा त्यांनी ती उलगडून सांगितली. नाटक लिहून झाले की वही मंडळाकडे जाते. तिच्या एक-दोन नकला होतात. मूळ वही प्रॉम्प्टरच्या हातात पडते, कारण आपल्याकडचा नट आज एक आणि उद्या दुसरे नाटक करतो. प्रॉम्प्टरवाचून त्याचे चालत नाही. हंगामभर ती वही विंगेत उघडी असते. तिच्यावर चहा सांडतो, नटाने आयत्या वेळी घातलेले वाक्य समासात लिहिले जाते, लांबलेला प्रवेश काटला जातो. हंगाम संपला की वही पेटीत जाते. पुढच्या वर्षी नवे नाटक हवे असते. पेटीला वाळवी लागते, मंडळ मोडते, नाहीतर वही दुसऱ्या गावी जाते आणि नव्या नावाने उभी राहते. गुरुजींनी आपलेच एक नाटक परगावी प्रेक्षकांत बसून तिकीट काढून पाहिले. जाहिरातीत नाटकाचे नाव निराळे आणि लेखकाच्या नावाची जागा कोरी. त्यांना याचा राग येत नव्हता. "लोक रडले," एवढेच ते म्हणाले. परंतु तीस नाटकांपैकी पाचांच्याच वह्या आता हाती लागतात हे सांगताना त्यांचा स्वर बदलला.

येथे आम्हाला एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ सायकलच्या मागे कापडात बांधलेले गाठोडे घेऊन आले. त्यात नाटकांच्या वह्या होत्या. "माझ्या मागे घरात कोणी सांभाळणार नाही, तुमच्या कपाटात ठेवा," इतकेच त्यांचे मागणे. आम्ही नियम पाहिला. वाचनालयाने छापील पुस्तके घ्यावीत, दाखलनोंदवहीत किंमत, प्रकाशक आणि साल लिहावे, असा रिवाज होता. या वह्यांना किंमत नव्हती, प्रकाशक नव्हता आणि साल लेखकालाही नीट आठवत नव्हते. आम्ही अत्यंत नम्रपणे नकार दिला. गृहस्थांनीही तितक्याच नम्रपणे गाठोडे पुन्हा बांधले. पुढे ते वारले. गुरुजींना भेटून आल्यावर आम्ही त्यांच्या गावी जाऊन चौकशी केली. घर पाडून नवे बांधले होते. गाठोड्याची कोणाला आठवण नव्हती. त्या कपाटातील अर्धा खण तेव्हाही रिकामा होता आणि पुढेही कित्येक वर्षे रिकामाच राहिला, हे आम्ही विसरू शकत नाही.

आपण म्हणाल, ती वह्यांच्या काळातली गोष्ट झाली. आता काळ बदलला. म्हणून दुसऱ्या संभाषणाविषयी सांगतो. हा लेखक तिशीतला तरुण. घरी थोडी धानाची शेती. तो नाटक मोबाइलवर लिहितो. धुऱ्यावर बसून संवाद बोलतो, यंत्र ते टिपून घेते, आणि नाटक पुरे झाले की एका क्षणात मंडळाकडे रवाना होते. आम्हाला मोठे कौतुक वाटले. परंतु मागच्या पावसाळ्यात त्याचा मोबाइल बांधीच्या पाण्यात पडला आणि दोन पुरी व एक अर्धे नाटक त्याबरोबर गेले. वाळवीला महिने लागत. पाण्याला एक पळ पुरले. त्याची दुसरी तक्रार अशी की लोक प्रयोगाचे चित्रण करून इंटरनेटवर घालतात, हजारो लोक पाहतात, वर नटाचे नाव असते, मंडळाचे असते, पण लेखकाचे नसते. म्हणजे साधने बदलली, दुखणे तेच राहिले.

या संदर्भात एका मोठ्या आनंदाच्या घटनेचाही उल्लेख केला पाहिजे. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे हास्यनट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका यांचा तेव्हा गौरवाने उल्लेख झाला. हा मान साऱ्या झाडीपट्टीचा होय. परंतु आठशे भूमिका म्हटल्या की मनात प्रश्न येतो. त्या भूमिकांमागे कितीतरी नाटके असली पाहिजेत. त्यांपैकी किती नाटके आज आपण काढून दाखवू शकू? नटाचा सन्मान करताना त्याच्या तोंडी आलेल्या शब्दांची आठवण ठेवणे हे नटाच्या सन्मानाला उणेपणा आणणारे नव्हे.

मराठी रंगभूमीच्या जन्मापासूनच हे दुखणे आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्यात सूत्रधार पदे म्हणे आणि नट आपापली गद्य भाषणे पदरची बोलत. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' छापून निघाला तो १८८५ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. पदे कागदावर होती म्हणून ती राहिली. त्या नटांची भाषणे कोणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून ती गेली. मध्यंतरी १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक आले आणि पुस्तकी नाटकांचे युग सुरू झाले. त्यानंतर पुण्यामुंबईच्या नाटकाला पुस्तकाची सोबत मिळाली. अभ्यासक्रम, समीक्षा आणि इतिहास हे सारे त्या पुस्तकाच्या मागोमाग आले. झाडीपट्टीच्या नाटकाला प्रेक्षक त्याहून अधिक मिळाले. पण पुस्तक मिळाले नाही, म्हणून इतिहासात त्याला जागा मिळावयास फार वेळ लागला. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या संशोधकांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास करून ही उणीव पुष्कळ भरून काढली आहे. परंतु संशोधकालाही कागद लागतो.

आता तिसरे संभाषण. हे गृहस्थ चित्रकार. पूर्वी नाटकांचे पडदे रंगवीत. एक जंगलाचा, एक राजवाड्याचा, एक रस्त्याचा. पुढे जाहिराती रंगवू लागले. छापील फ्लेक्स आल्यावर तेही काम सुटले. जाहिरात कशी काढावी हे त्यांनी आम्हाला समजावले. नाटकात कोण रडणार, कोण रडविणार आणि कोण हसविणार, हे बाजारातून सायकलवर जाणाऱ्या माणसाला एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. अर्ध्या मिनिटात सारे नाटक सांगावयाचे.

बोलता बोलता त्यांनी ट्रंकेतून शाळेची एक चित्रकलेची वही काढली. नातवंडांना दाखविण्यासाठी त्यांनी एक जुने नाटक प्रवेशामागून प्रवेश असे चित्रांत काढले होते. माणसांच्या तोंडाजवळ ढग काढून त्यात संवाद लिहिले होते. नायक-नायिकेचे पुस्तकी मराठीत आणि विनोदी पात्राचे आपल्या झाडीबोलीत, जिच्यात 'काळा'चा 'कारा' होतो आणि 'पाणी'चे 'पानी'. पहिल्या पानावर नाटकाचे नाव आणि त्याखाली ठळक अक्षरांत मूळ लेखकाचे नाव होते. आम्ही विचारले, या नाटकाची मूळ वही कोठे आहे? ते म्हणाले, लेखक गेला, मंडळ मोडले, वहीचा पत्ता नाही. आता जे काही आहे ते या चित्रांतच आहे.

ती अडतीस पाने आम्ही तेथेच बसून वाचली. चित्रकथा हे मुलांचे खेळणे, असे आम्ही आजवर समजत होतो. त्या दिवशी एका नाटककाराचे सारे उरलेसुरले धन एका चित्रकथेच्या पदरी होते.

तेव्हा आम्ही चित्रकथाकारांच्या जगात काय घडले ते वाचावयास घेतले आणि आम्हाला गुरुजींची कहाणी तेथेही भेटली. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन तरुण होते. एक लिही, दुसरा चित्रे काढी. १९३८ साली त्यांनी आपल्या 'सुपरमॅन'चे सर्व हक्क १३० डॉलरला लिहून दिले. त्या पात्राने पुढे अफाट पैसा मिळविला, आणि त्याचे जनक कोर्टकचेऱ्यांत म्हातारे झाले. अखेरीस लोकमताच्या दडपणामुळे १९७५ साली त्यांना वार्षिक तनखा मिळाला आणि कथेवर त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. सदतीस वर्षे गेली. याच क्लीव्हलंडात पुढे हार्वी पेकार नावाचा एक कारकून होऊन गेला. सरकारी रुग्णालयात रुग्णांची कागदपत्रे लावून ठेवणे हे त्याचे काम. त्याला चित्र काढता येत नसे. तो माणसांच्या जागी रेघा ओढून प्रसंग मांडी आणि चित्रकार मित्रांकडून ते काढून घेई. विषय कोणते? कचेरीतील बोलणे, दुकानापुढची रांग, बिघडलेली गाडी. १९७६ पासून त्याने ही चित्रकथा पदरच्या पैशाने छापली. नोकरी त्याने सोडली नाही. २००१ साली निवृत्त होईपर्यंत तो कारकूनच राहिला. परंतु त्याच्या कथा त्याच्याच राहिल्या.

एकाच शहरातील ही दोन उदाहरणे आम्ही गुरुजींना सांगितली. ते म्हणाले, "तो कारकून शहाणा होता. नोकरी आपल्यापाशीबी होती. वही तेवढी ठेवली नाही."

पण कोणी म्हणेल, आपली कला ही रात्रीची, लोकांच्या समोरची, तोंडची कला. तिला पुस्तकात कोंबले तर तिचा जीव जाईल. ही शंका खोटी नाही. तिचे उत्तर आम्हाला आपल्याच गोंडवनाच्या उत्तर अंगाला सापडले. गोंडांच्या घरोघरी जाऊन बाना वाजवीत वंशांच्या आणि देवांच्या कथा गाणारे परधान आपल्या चंद्रपूर-यवतमाळकडेही आहेत. त्यांचीच मध्यप्रदेशातील भावंडे गाण्यातून चित्राकडे वळली. पाटनगढचे जनगढसिंह श्याम १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनात आले आणि त्यांच्या मागून एक चित्रशाळाच उभी राहिली. त्या परंपरेतील दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दांपत्याने डॉ. आंबेडकरांच्या जीवनावर 'भीमायन' ही चित्रकथा काढली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. कथा आपल्या महाराष्ट्राचीच: मसूर स्टेशनावर उतरलेली तहानलेली मुले, महाडचे तळे. आणि चित्रे परधानांची.

या पुस्तकाची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. चित्रकथा म्हणजे चौकटीमागून चौकट, अशी सर्वत्र रीत. व्याम दांपत्याने ती मानली नाही. माणसांना चौकटीत कोंडले तर त्यांना श्वास कसा घेता येईल, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी चौकटींच्या जागी घराच्या भिंतीवर आणि अंगणात काढतात ती दिग्ना काढली. सौम्य बोलणाऱ्याच्या शब्दांना त्यांनी पक्ष्याचा आकार दिला आणि विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी जोडली. पुस्तकाने त्यांना बदलले नाही. त्यांनी पुस्तकाला बदलले. आणि पुस्तकावर चित्रकार म्हणून दोघांचीही नावे आहेत. २०२२ साली दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. तेव्हा छापल्याने कला मरते, हे सर्वस्वी खरे नाही. कलावंताला विचारून, त्याच्या रीतीने छापले, तर ती जगते.

आता शेवटची गोष्ट. ती व्यवहाराची आहे आणि तीच आमच्या लेखी महत्त्वाची.

आपल्या पुष्कळ लेखकबंधूंची समजूत अशी की छापले नाही म्हणजे हक्क नाही. ही समजूत चुकीची आहे. १९५७ चा स्वामित्व हक्काचा कायदा नाटकाला लिहिल्या क्षणापासून संरक्षण देतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षे राहतो. लोकांपुढे प्रयोग करण्याचा हक्कही त्यातच येतो. हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर लेखी आणि सहीनिशी दिला पाहिजे. त्या लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणजे वही हातात दिली म्हणून नाटक कायमचे दिले असे होत नाही. मालकांशी भांडावे म्हणून आम्ही हे सांगत नाही. मंडळ चालविणे म्हणजे काय जोखीम असते, एका अवकाळी पावसाने हंगाम कसा बुडतो, हे आम्ही पाहिले आहे. पण अर्ध्या कागदावर नाव, तारीख, मोबदला आणि मुदत लिहिली तर मालकाचेही काही बिघडत नाही.

परंतु कायदा हक्क सांभाळतो, कागद सांभाळत नाही. १९५४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि आणखी काही ठरावीक ग्रंथालयांस पाठवावी लागते. म्हणून छापलेले अगदी सामान्य पुस्तकही कोठेतरी एका फळीवर जिवंत राहते. आणि ज्या नाटकाने हजारो माणसांना पहाटेपर्यंत जागविले, ते छापले नाही म्हणून त्याला फळी नाही. ही फळी दिल्ली देणार नाही, मुंबई देणार नाही. ती आपल्यालाच दिली पाहिजे.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. आपल्या गावच्या वाचनालयात एक कपाट वह्यांसाठी राखावे. जो लेखक वही आणील त्याच्याकडून ती घ्यावी, नाहीतर तिची नक्कल करून मूळ परत द्यावी. मोबाइलवर लिहिणाऱ्याचे लेखन कागदावर उतरवून घ्यावे. दाखलनोंदवहीत प्रकाशकाच्या रकान्यात आडवी रेघ मारावी आणि लेखकाच्या रकान्यात त्याचे नाव पूर्ण लिहावे. पहिला प्रयोग कोणत्या गावी, कोणत्या साली झाला, हे लेखकाला विचारून टिपावे. त्याला आठवत नसेल तर त्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारावे, त्यांना आठवत असते. आणि जमले तर वर्षाला एक नाटक निवडून एखाद्या स्थानिक चित्रकाराकडून त्याची चित्रकथा काढवून घ्यावी. आपल्या मुलांना वाचावयास आपल्या बोलीतले, आपल्या रानातले काही मिळेल.

यात वाङ्मय कोणते आणि गल्लाभरू कोणते, हे ठरविणार कोण, असा प्रश्न विद्वान विचारतील. आमचे उत्तर असे की ते पुढच्या पिढीने ठरवावे. निवड करण्यासाठी आधी वही असावी लागते. आम्ही एकदा वही न उघडताच निवड केली आणि त्या निवडीचे ओझे आजही वाहत आहोत.

वडशाहून निघताना गुरुजी आम्हाला स्टँडवर पोचवावयास आले होते. एस. टी. सुटता सुटता त्यांनी खिडकीतून एक पिशवी दिली. तिच्यात त्यांच्या उरलेल्या पाचांपैकी दोन वह्या होत्या. "वाचून झाल्या की परत आणा," असे ते म्हणाले नाहीत. "कुठं ठेवाल ते सांगा," एवढेच म्हणाले.

त्या दोन वह्या आज आम्ही येथे बरोबर आणल्या आहेत. व्याख्यान संपल्यावर त्या अध्यक्षांच्या हाती देणार आहोत. त्या कोठे ठेवल्या हे गुरुजींना पत्राने कळवावयाचे आहे, आणि त्या पत्रात काय लिहावयाचे ते आपण सर्वांनी मिळून ठरवावयाचे आहे.